दारापर्यंत चालून दाखव

बाईला दवाखान्यात आणायला एक गाडी पुरते. घरी न्यायला तीन येतात. एकीत सासरचे, दुसरीत माहेरचे, आणि तिसरीत कोण असतं हे मला एकतीस वर्षांत कळलेलं नाही. तिन्ही गाड्या दाराशी लागल्या की पेढे फिरतात, वॉचमनशी पार्किंगवरून भांडण होतं, बाळ चार जणांच्या हातांतून जातं आणि प्रत्येक जण त्याची टोपी काढून पुन्हा घालतो. जिच्या पोटावर चार दिवसांपूर्वी वीतभर छेद घेतलाय, ती भिंतीला धरून पायरीवर उभी असते. तिला काय हवं-नको ते विचारायचं काम सिस्टरचं, असा सगळ्यांचा समज. समज बरोबर आहे. मी हजारो वेळा विचारलं. विचारून उपयोग होत नाही, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे.

या अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "बाळांच्या गोड गोड आठवणी लिहा." बाळांच्या आठवणी मला नाहीत. सगळी बाळं सारखीच दिसतात आणि तीच तीन कामं करतात. मला आठवतात त्या त्यांच्या आया, आणि त्याहून जास्त त्या आयांच्या आया. वाचणाऱ्यांना राग आला तर येऊ दे. दीड वर्ष झालं मी युनिफॉर्म खुंटीला लावून. आता कुणाचं मन राखायचं माझ्यावर बंधन नाही.

माझं माहेर फलटणचं. वडील साखर कारखान्यात फिटर होते. आमचं बौद्धांचं घर, आणि वडिलांनी मुहूर्त, अमावस्या, उतारा असले प्रकार उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत. नर्सिंगचा कोर्स करून लग्नानंतर मी आष्ट्याला आले आणि तिथून जवळच्याच एका गावातल्या प्रसूतिगृहात लागले. गावाचं आणि दवाखान्याचं नाव घेत नाही. डॉक्टरमॅडम अजून काम करतात, आणि हे वाचून त्यांचा फोन येणार हे मला माहीत आहे.

ज्यांनी सिझर फक्त ऐकलंय त्यांच्यासाठी सांगते. तारीख ठरवून केलेलं सिझर म्हणजे ऐन वेळची धावपळ नव्हे. बाई स्वतःच्या पायांनी येते, मणक्यात सुई देऊन कमरेखाली बधिर करतात, तासाभरात सगळं आटपतं. लोकांना वाटतं, झालं. आमचं काम तिथून सुरू होतं. सहा तासांनी घोट घोट पाणी. दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढायची आणि तिला उठवून चालवायचं. ती रडते, शिव्या देते, तरी चालवायचं. पडून राहिलं की पायातलं रक्त साकळतं, छातीत कफ धरतो, आतडी झोपून राहतात. चार-पाच दिवसांनी टाके कोरडे, ताप नाही, लघवी-संडास ठीक, दूध उतरलंय, असं बघून घरी सोडायचं. एवढंच. यात न कळण्यासारखं काय आहे, असं मी नवीन असताना वॉर्डातल्या बायकांना विचारायचे. पुढे विचारायचं सोडलं.

पाण्यापासूनच घ्या. आमच्या भागात बाळंतिणीला पाणी देत नाहीत. "पाण्यानं टाकं पिकत्यात," असं म्हणतात. टाके पाण्याने पिकत नाहीत, न धुतलेल्या हातांनी पिकतात, हे मी इतक्या वेळा बोलले की झोपेतही बोलायचे, असं आमचे हे सांगतात. शेवटी मी प्रत्येक खाटेजवळ एक बाटली ठेवायला लागले. तिच्यावर पेनाने रेघा मारायच्या, सकाळी इथपर्यंत, दुपारी इथपर्यंत. एका आजींनी चार दिवस नेमाने रिकामी बाटली दाखवली. मी खूश. त्या खाटेच्या खिडकीखालचं जास्वंद तेवढ्यात तरारून आलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आजींना जाब विचारला तर म्हणाल्या, "झाड बी जीवच हाय की वो."

दुसरा ताप वारं सरण्याचा. ऑपरेशननंतर आतडी जागी झाली याची खूण म्हणजे वारं सरणं. ते सरलं की पोटभर जेवण सुरू. म्हणून दिवसातून चारदा आम्ही विचारतो. आता नवी सून, समोर सासू, दाराशी मामेसासरे. ती काय सांगणार? एकीला तिच्या नणंदेनं पढवून ठेवलं होतं, "व्हय म्हण, म्हंजे भाकरी मिळंल." ती हो म्हणाली, भाकरी खाल्ली, आणि त्याच संध्याकाळी पोट फुगून तिच्या नाकात नळी घालायची वेळ आली. मी संतापून म्हटलं, "अगं, खोटं का सांगितलंस?" नळीमुळे तिला धड बोलता येत नव्हतं. तरीही तिने मान हलवून "हो" म्हटलं. कशाला हो, ते तिलाही माहीत नसावं.

हा "हो" हाच आमच्याकडचा खरा आजार. दुखतंय का विचारलं तर नाही, बरं वाटतंय का विचारलं तर हो. घरच्यांना घाई, गाडी खोळंबलेली, आपल्यामुळे कुणाचा खोळंबा नको. मला हे कळत होतं. कळूनही मी खाटेपाशी उभी राहून, सगळ्या गोतावळ्यासमोर तोच प्रश्न विचारत राहिले आणि तेच उत्तर फायलीत लिहीत राहिले. माझ्या हातून चूक होईपर्यंत माझं वळण बदललं नाही.

प्रियांका आली ती सात वर्षांपूर्वी. सासर आष्ट्याजवळ, माहेर पार तिकडे आटपाडीच्या बाजूला. नवरा फौजेत, लांबच्या पोस्टिंगवर. पहिलंच बाळंतपण. बाळ शेवटपर्यंत फिरलं नाही, पाय खाली आणि डोकं वर, म्हणून मॅडमनी तारीख देऊन सिझर ठरवलं. तिची तपासणी आमच्याकडे चालू होती म्हणून ऑपरेशन इथे, आणि सुट्टी झाल्यावर थेट माहेरी, असा बेत होता. माहेराहून तिची आई शालनताई आणि वडील आले होते. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना हवालदारच म्हणायचे, शालनताईसुद्धा.

मुलगी झाली. ऑपरेशन व्यवस्थित झालं. मी बाळ गुंडाळून बाहेर आणलं आणि शालनताईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "सिस्टर, पाय आधी आलं का डोस्कं?"

मी म्हटलं, "पाय."

हा माझा पहिला गाढवपणा. पायाकडून जन्मलेल्या मुलाला पायाळू म्हणतात, आणि पायाळूनं पाठीला पाय लावला की भरलेली उसण जाते, असं आपल्याकडे मानतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण माझ्या मनात आलं नाही. दारातच वाद सुरू झाला. पोट फाडून काढलेलं लेकरू पायाळू धरायचं का? एक काकू म्हणाल्या, नाही धरत, ते डॉक्टरच्या हातानं आलं, स्वतःच्या पायानं नाही. शालनताई म्हणाल्या, वाट कुठली का असंना, पाय आधी आलं की नाही? सिस्टर साक्षीला हाय. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाळाला हात लावून आत गेले.

तिसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला मी वॉर्डात आले तर कमरेला हात लावलेले सहा पुरुष रांगेत उभे. एक तर आटपाडीहून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, काठी टेकत आला होता. शालनताई बाळाचा पाय धरून प्रत्येकाच्या पाठीला लावत होत्या. बाळ झोपेत होतं, त्याला गंधवार्ता नाही. पहिला मान हवालदारांचा. त्यांची उसण आठ दिवसांची, ते धड वाकू शकत नव्हते की धड ताठ होऊ शकत नव्हते. इवलासा पाय पाठीला लागला.

"गेली का?" शालनताईंनी विचारलं.

"गेली," हवालदार म्हणाले. "लय बरं वाटतंय."

सगळा वॉर्ड कौतुकाने बघत होता. तेवढ्यात मॅडम राउंडला आल्या आणि दारातच थांबल्या. "सिस्टर, हाडांची ओपीडी कुणी सुरू केली?" असं मला विचारून त्या निघून गेल्या. पुरुषांना बाहेर हाकलायला मला अर्धा तास लागला. शेवटचा म्हणत होता, "आवं, माझा नंबर हुता." त्या अर्ध्या तासात माझा घसा बसला, रक्तदाब वाढला आणि एक गोष्ट करायची राहिली. त्या संध्याकाळी मी प्रियांकाला चालवलं नाही.

चौथ्या दिवशी सुट्टी. त्या दिवशी दुपारी सव्वातीनला अमावस्या लागणार होती, आणि त्याच्या आत लेकरू घरात पोचायला हवं, असा शालनताईंचा हट्ट. गाव अडीच तास लांब. तिकडे मालिशवाली बाई बोलावून ठेवलेली, अमावस्येच्या आत बाळंतिणीला पहिला हात फिरवून घ्यायचा म्हणून. सकाळी साडेसातपासून त्या माझ्यामागे लागल्या होत्या. कागद कधी, औषधं कधी, गाडी लावू का. मॅडमनी तपासलं, टाके पाहिले, सगळं ठीक म्हणाल्या. शेवटचे प्रश्न विचारायचं काम माझं. मी फाईल हातात घेऊन खाटेपाशी उभी राहिले.

"प्रियांका, ताप? लघवीला जळजळ? आणखी काही त्रास?"

प्रियांकाने आईकडे पाहिलं.

"काय न्हाई तिला," शालनताई म्हणाल्या. "बरी हाय. व्हय गं?"

"व्हय," प्रियांका म्हणाली.

मी सही केली. व्हीलचेअर आणून दिली, ती तिच्यात बसली, भावांनी उचलून गाडीत ठेवली. आधी ज्या पोरीला मी चाल चाल म्हणून छळलं तिला जायच्या दिवशी एक पाऊल टाकायला लावलं नाही. व्हीलचेअर म्हणजे दवाखान्याने केलेला मान, असं लोकांना वाटतं. मीही कौतुकाने ढकलत होते. साडेदहाला गाडी गेली.

बाराच्या सुमाराला आमच्या वॉर्डच्या हौसाबाई त्या खाटेची चादर बदलत होत्या. वीस वर्षं झाडलोट करणारी बाई, तिला मॅडमपेक्षा जास्त ठाऊक असतं. ती आपली हसत हसत म्हणाली, "सिस्टर, त्या लेकराचा पाय मी बी गुडघ्याला लावून घेतला. पर माझ्याआधी तिच्या आईचा नंबर."

"कुणाच्या आईचा?"

"लेकराच्या. प्रियांकाची पोटरी दुखत हुती की काल रातच्याला. शालनबाय म्हणल्या, पायाळूची आई तू, पाय दुखायचाच. मग लेकराचा पाय लावला. बरं वाटलं म्हणली पोरगी."

"कुठली पोटरी? दोन्ही?"

"डावी. सुजलेली बी दिसत हुती जरा."

मी आधी हसायला तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं. एकच पोटरी, सुजलेली, दुखरी, सिझरनंतर चौथ्या दिवशी, पाण्याविना ठेवलेली बाई. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची ही लक्षणं नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही पाठ असतात. गुठळी पायात आहे तोवर औषध आहे. ती सुटून फुप्फुसात गेली तर बाई बोलता बोलता जाते, आणि ती सुटायला चांगला दाबून चोळलेला पाय पुरतो. आणि तिकडे आटपाडीकडे एक बाई तेल कोमट करून तिची वाट बघत बसली होती.

मॅडमना सांगितलं. त्यांनी लगेच सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात फोन लावला आणि मला म्हणाल्या, "तू त्यांना गाठ." मी फोन लावत राहिले. शालनताईंचा फोन लागेना, मध्ये कुठे रेंज नसते. हवालदारांचा वाजून वाजून बंद. प्रियांकाचा फोन तिच्या पिशवीत असणार. एकदा लावायचा, पुन्हा लावायचा. हौसाबाई शेजारी उभ्या राहून स्वतःलाच दोष देत होत्या, "मी आदी सांगायला पायजे हुतं." मी म्हटलं, "तुम्ही निदान सांगितलं तरी. मी विचारून लिहून घेतलं."

एक वाजून गेल्यावर शालनताईंनी फोन उचलला.

"पोचलो बगा, सिस्टर. आत्ताच. तुकडा ववाळून टाकला. आता मालिशवाली बसलीया."

"शालनताई, पायाला हात लावू देऊ नका. प्रियांकाला लगेच परत आणा. सांगलीला. तिच्या पायात रक्त साकळलंय."

"काय बी काय वो. पाय बरा झाला तिचा. कालच."

"बरा झाला नाही."

"ती म्हणली की. आणि आता अमावस्या लागंल वाटंत. लेकरू घिऊन कुठं बाहीर पडू? उद्याच्याला बगू."

एकतीस वर्षांत ज्या ज्या बाईशी मी डोकेफोड केली ती प्रत्येक बाई मला त्या आवाजात ऐकू आली. मागे मालिशवालीचा आवाज येत होता, "पोरी, साडी वर घी." मी रक्त, शीर, फुप्फुस, सगळं सांगितलं असतं तर पालथ्या घड्यावर पाणी. तेवढा वेळ नव्हता. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते माझं मलाच खरं वाटलं नाही.

"ताई, पायाळूच्या आईच्या पायाला सव्वा महिना दुसऱ्या बाईचा हात लागू देत नसतात. पायाचा गुण जातो लेकराच्या."

पलीकडे शालनताई मालिशवालीवर ओरडल्या, "थांब गं. हात लावू नगंस."

माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात एक लिंबू उतरवू दिलं नव्हतं. ते असते तर त्यांनी मला काय म्हटलं असतं हा विचार मी त्या दिवशी पुढे ढकलला. अजून तो तसाच पडून आहे.

पण नुसती मालिश थांबून भागणार नव्हतं. मी म्हटलं, "फोन प्रियांकाला द्या." तिने घेतला. "प्रियांका, पाय कसा आहे?"

"बरा हाय," ती म्हणाली. भोवती सगळे बसलेले होते, मला त्यांचे श्वास ऐकू येत होते.

"ठीक आहे. मग असं कर. फोन घेऊन ऊठ आणि दारापर्यंत ये. हळू ये. मला तिथून सांग."

फोनमध्ये बांगड्या वाजल्या. खाट करकरली. मग तिचा रडका आवाज, "न्हाई येत, सिस्टर. टेकवतच न्हाई पाय. कालपास्नं न्हाई टेकवत."

"काल बरं वाटलं म्हणलीस ती?" मागून शालनताईंनी विचारलं. त्या आवाजात राग नव्हता, फसवल्यासारखं वाटलं होतं त्यांना. "लेकराचा पाय लावला तवा म्हणलीस की. तुझ्या बापाची उसण गेली, आणि तुझा पाय कसा न्हाई गेला?"

आणि मग हवालदारांचा आवाज आला. जरा लांबून, पण स्पष्ट.

"माझी उसण न्हाई गेली."

"काय?"

"न्हाई गेली शालन. तू एवढ्या हौसेनं लेकराचा पाय लावलास. समद्यांच्या म्होरं न्हाई कसं म्हणू? अडीच तास गाडी कशी चालवली माझं मला म्हाईत."

मग त्यांनीच फोन हातात घेतला. "सिस्टर, कुठं आणायचं बोला."

मी दवाखाना सांगितला, पाय लांब करून झोपवून आणा, चोळू नका, वाटेत पाणी पाजा, हे सांगितलं. मागून शालनताई क्षीण आवाजात म्हणाल्या, "आवं, पर अमावस्या..." हवालदार म्हणाले, "अमावस्या बघून गोळी सुटत न्हवती तिकडं. लेकरू माझ्या मांडीवर दे आणि बस गाडीत. थोरला चालवंल."

मी एसटीने सांगली गाठली. खरं तर माझं तिथे काही काम नव्हतं, मॅडमनी तिथल्या डॉक्टरांना सगळं सांगून ठेवलं होतं. पण माझी सही त्या फायलीत होती. चारच्या सुमाराला गाडी आली. आधी हवालदार उतरले, काटकोनात वाकलेले, छातीशी नात धरून. त्यांना ताठ होताच येत नव्हतं. मग शालनताई. त्यांच्या हातात पाण्याची मोठी बाटली होती, अर्ध्यावर आलेली. मला ती दाखवून म्हणाल्या, "पाजलं बगा. वाटभर पाजलं." आणि तिथेच रस्त्यात माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागल्या. मला त्यांना खूप काही बोलायचं होतं. एसटीत बसून मी सगळं ठरवून आले होते. त्याऐवजी मी ती बाटली हातात घेऊन पाणी किती उतरलंय ते बघत राहिले.

गुठळी पोटरीपासून मांडीपर्यंत गेलेली निघाली. तिथल्या डॉक्टरांनी मशीनवर पाहून मला विचारलं, "हिला सकाळी डिस्चार्ज दिला कुणी?" मी म्हटलं, "मी." मालिश झाली असती तर काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. बारा दिवस प्रियांका तिथे राहिली, पोटात इंजेक्शनं घेत. वाचली. आजही तिच्या डाव्या पायाला संध्याकाळी सूज येते. ती सूज माझ्या खात्यावर आहे, आणि ती काही उतरत नाही.

त्यानंतर मी एक नियम केला. सुट्टीच्या दिवशी व्हीलचेअर बंद. बाईने खाटेपासून वॉर्डच्या लांबच्या दारापर्यंत स्वतः चालून दाखवायचं, सोबत फक्त मी. गोतावळा पिशव्या सांभाळत खाटेपाशी बसेल. दार चाळीस पावलांवर. वीस पावलांवर गेलं की माणसं मागे पडतात, आणि मग बाई हळूच बोलायला लागते. सिस्टर, टाक्यातून जरा ओलं येतंय. सिस्टर, डोकं उचलवत नाही. सिस्टर, मला रडूच येतंय सारखं, का ते कळत नाही. खाटेपाशी हे एकीनेही सांगितलं नव्हतं. आणि जी काहीच बोलत नाही तिचे पाय बोलतात. तोंडाला हो म्हणायला शिकवता येतं, पायाला येत नाही.

नातेवाइकांनी या नियमापायी मला शिव्या घातल्या. "पैसं भरून बी बाईला चालवतीया," असंही ऐकलं. मॅडमनी एकदा सौम्यपणे सुचवलं की खुर्चीवरून नेलं तर पेशंटला बरं वाटतं. मी म्हटलं, मॅडम, बरं वाटण्यावर माझा विश्वास राहिलेला नाही.

आणि एक गोष्ट कबूल करायची राहिली. दोन-तीन वर्षांनी आटपाडीकडची एक बाळंतीण आली. तिचंही बाळ पायाळू. मी नाडी बघायला हात लावला तर तिची सासू म्हणाली, "सिस्टर, पायाला तेवढा हात लावू नगासा. पायाळूच्या आईच्या पायाला सव्वा म्हैना लावत न्हाईत." मी विचारलं, हे कुणी सांगितलं? म्हणाली, "आमच्याकडं रीतच हाय पयल्यापास्नं." जी वडिलांनी घरात येऊ दिली नसती, अशी एक रीत त्यांच्या लेकीने चार तालुक्यांत रुजवली. आता ती उपटायला मी कुठे कुठे फिरू?

गेल्या महिन्यात अंगणातली कुंडी उचलताना माझ्याच कमरेत उसण भरली. तीन दिवस सतरंजीवर पालथी पडून होते. प्रियांका आता आष्ट्यालाच असते, तिला कुठून कळलं कोण जाणे, ती लेकीला घेऊन आली. मुलगी सात वर्षांची. आपण पायाळू आहोत हे तिला चांगलंच माहीत आहे, शाळेतल्या बाईंचीही उसण तिने काढली आहे म्हणे. मी नको नको म्हणेपर्यंत तिने चपला काढल्या, भिंतीला धरून माझ्या कमरेवर पाय दिला, आणि मोठ्या गंभीरपणे दाबला. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

ती खाली उतरून माझ्या तोंडाशी येऊन बसली. "आजी, गेली का?"

ते तोंड इतकं जवळ होतं, आणि इतकं आशेनं बघत होतं. आयुष्यभर ज्या एका शब्दावरून मी बायकांना फाडून खाल्लं, तो माझ्या तोंडून अगदी सहज निघाला.

"हो गं. लय बरं वाटतंय."

ती टाळ्या वाजवत अंगणात पळाली. प्रियांका दारात उभी होती, डाव्या पायावरचा भार उजव्यावर घेऊन.

"उठा सिस्टर," ती म्हणाली. "दारापर्यंत चालून दाखवा."